इतिहासासाठी कमी वर्दळीच्या देशांत कोण कोण जाऊन आलंय?

रानवाट

आर्मेनियातल्या गेगार्द मठात बाहेरच्या दगडी पायऱ्या चढून गेलं की डोंगरात शिरणारा एक अरुंद बोगदा लागतो. भिंतीवर ओळीने क्रूस कोरलेले, आत काळोख. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे व्हावं लागेल एवढीच रुंदी. बोगदा संपतो तिथे एक दालन आहे. चार जाड खांब, वर घुमट आणि घुमटाच्या मधोमध उजेडापुरतं एक भोक. यातला एकही दगड दुसऱ्यावर रचलेला नाही. डोंगरच आतून कोरत नेलाय, खांबांसकट. १२८८ सालचं हे दफनदालन. जमिनीत एका कोपऱ्यात आणखी एक भोक आहे, त्यातून वाकून पाहिलं की खालचं दालन दिसतं.

मी पोचले तेव्हा आत कोणी नव्हतं. थोड्या वेळाने डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई आल्या. माझ्याकडे बघून मान हलवली, खांबाशी उभ्या राहिल्या आणि अगदी हलक्या आवाजात गायला लागल्या. पहिला सूर विरायच्या आत त्या दुसरा लावत होत्या आणि दोन्ही मिळून वर घुमटात तिसराच काही सूर घुमत होता. चार-पाच मिनिटं गायल्या असतील. मग भिंतीला हात लावला, हात कपाळाला लावला, पुन्हा माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेल्या. कोणासाठी गायल्या ते विचारण्याइतकी भाषा मला येत नव्हती.

हा धागा काढायचं कारण ती पाच मिनिटं. मोठ्या, गाजलेल्या ठिकाणी मीही जाऊन आलेय आणि त्यांच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. पण तिथे इतिहास दोरीच्या पलीकडे असतो आणि आपण रांगेत. कमी वर्दळीच्या देशांत तो बऱ्याचदा अजून वापरात असलेला भेटतो. ज्या दगडावर १३व्या शतकातल्या माणसाने हात टेकला त्याच दगडावर आज गावातल्या बाई हात टेकतात आणि आपण शेजारी उभे असतो. हे बघायचं तर दोन गोष्टी लागतात असं माझं ठाम मत झालंय: हातात एक सूत्र, आणि मुबलक वेळ.

सूत्र म्हणजे काय ते सांगते. आर्मेनियाला जाताना मी 'लिपी' हे सूत्र धरलं. इ.स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरं घडवली, पुढे त्यात भर पडून ती ३९ झाली. त्या लिपीत पहिल्यांदा लिहिलं गेलेलं वाक्य बायबलच्या नीतिसूत्रांतलं, ज्ञान आणि शिकवण जाणून घेण्याविषयीचं आहे. त्यांची समाधी ओशाकान गावच्या चर्चमध्ये आहे. अरागात्स पर्वताच्या उतारावर आर्ताशावान गावाजवळ २००५ साली, लिपीला १६०० वर्षं झाली म्हणून, एकेक अक्षर पुरुषभर उंच दगडात कोरून उभं केलंय. आणि राजधानी येरेवानमध्ये माश्तोत्स यांच्याच नावाचं मातेनादारान, हस्तलिखितांचं भांडार. सुमारे २३,००० हस्तलिखितं आणि तुकडे तिथे आहेत.

त्यातलं एक पाहून मी खूप वेळ जागची हलले नाही. मुश नावाच्या प्रदेशातल्या मठातला प्रवचनसंग्रह, १२०० ते १२०२ या काळात वासरांच्या कातड्यावर लिहिलेला, वजन २८ किलोच्या आसपास. ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियनांच्या १९१५ च्या नरसंहारात पळून जाणाऱ्या दोन बायकांना तो उद्ध्वस्त मठात सापडला. एकीला एकटीने उचलेना, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एकीने आपला अर्धा भाग चालत एचमियाद्झिनपर्यंत, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठापर्यंत, आणला. दुसरीचा त्राण संपला, तिने आपला भाग एर्झुरूमच्या एका मठात पुरून ठेवला. तोही पुढे सापडला आणि पहिल्याला येऊन मिळाला, अशी हकिगत तिथे सांगतात. त्या भल्यामोठ्या ग्रंथाच्या जोडीला १९ ग्रॅम वजनाची एक चिमुकली दिनदर्शिकाही आहे, १४३४ सालची.

तुम्ही अशा कुठल्या देशांत गेलात, काय सूत्र धरून गेलात, किती दिवस दिलेत, ते सविस्तर लिहा. 'हे बघा, ते बघा' अशी यादी नको, त्या जागा उभ्या करा.

अक्षरवेडी

रानवाटताई, गेगार्दचा परिच्छेद दोनदा वाचला.

लिपीचं सूत्र माझंही लाडकं. त्यात एक भर घालते. आर्मेनियन छपाईची सुरुवात आर्मेनियात झालीच नाही. पहिलं छापील आर्मेनियन पुस्तक १५१२ साली व्हेनिसमध्ये निघालं आणि पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' १७९४ साली मद्रासमध्ये. राज्य नाही, राजधानी नाही, पण व्यापारी जिथे जाऊन राहिले तिथे त्यांनी छपाईचे खिळे पाडून घेतले. म्हणून येरेवानला हस्तलिखितं पाहून झाल्यावर छापील पुस्तकांचं दालन घाईने उरकू नका.

शेजारच्या जॉर्जियाचंही तसंच. तिथे एका भाषेच्या तीन लिपी आहेत: असोमताव्रुली, नुस्खुरी आणि आजची म्खेद्रुली. जुन्या चर्चच्या भिंतीवरचा मजकूर पहिलीत, रस्त्यावरची पाटी तिसरीत. मी निघण्यापूर्वी तीन आठवडे रोज रात्री म्खेद्रुलीची ३३ अक्षरं गिरवत होते. तिबिलिसीच्या बसस्थानकात गाडीच्या काचेवरचं गावाचं नाव मला वाचता आलं तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. तिथून पुढे चार तास त्यांनी मला खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पाटीची परीक्षा घेतली!

प्रश्न: आर्मेनियाला एकूण किती दिवस दिलेत? आणि दोन्ही देश एका फेरीत करावेत का?

रानवाट

अक्षरवेडी, बारा दिवस फक्त आर्मेनियाला. दोन्ही देश एका फेरीत होतात, पण निदान तीन आठवडे हवेत. नकाशा नीट पाहा: आर्मेनियाच्या तुर्कस्तान आणि अझरबैजानकडच्या सीमा बंद आहेत, जमिनीवरून जा-ये फक्त जॉर्जिया आणि इराणकडून. तिबिलिसी ते येरेवान रात्रीची रेल्वे आहे आणि मार्शरुत्का म्हणजे तिथल्या छोट्या व्हॅन आहेत. व्हॅनला पाच-सहा तास लागतात. देबेद नदीच्या खोऱ्यात दोन मुक्काम टाकलेत तर हाघपात आणि सनाहिन हे जुने मठ निवांत पाहून होतात.

वेळेबद्दल एक कळकळीची गोष्ट. पहिल्या फेरीत मी एका प्रवास कंपनीची दिवसभराची सहल घेतली होती. एका दिवसात पाच मठ. प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, त्यात दहा मिनिटं उतरण्या-चढण्यात. संध्याकाळी खोलीवर आल्यावर कुठला खांब कुठल्या मठातला ते मला सांगता येईना. मी त्या रात्री खरंच रडले. इतक्या दूर येऊन काही पाहिलंच नव्हतं. गेगार्दला मी त्या सहलीतही गेले होते. पण ते वरचं दालन मला माहीतच नव्हतं, कारण तिथवर न्यायला वेळ नव्हता. दुसऱ्या फेरीत एकटी गेले, तेव्हा ते सापडलं.

शांतनिळाई

वाचतेय. मुशच्या त्या दोघींची नावंही कोणाला ठाऊक नाहीत ना? फार अस्वस्थ केलं त्या हकिगतीने.

जुनी वही

रानवाट, सुरेख धागा. मी उझबेकिस्तानबद्दल लिहितो. समरकंद, बुखारा आता कमी वर्दळीचे राहिले नाहीत हे आधीच मान्य करतो. पण समरकंदमध्ये बहुतेक लोक रेगिस्तान या चौकातल्या तीन मदरशांसमोर फोटो काढतात आणि शहराच्या कडेला टेकाडावर असलेल्या उलुग बेगच्या वेधशाळेत धावती भेट देतात. माझं सूत्र उलुग बेग होतं, म्हणून मी तिथे सलग दोन सकाळी गेलो.

वर काहीच उरलेलं नाही. जमिनीत खोदलेला एक खोल चर आहे आणि त्यात संगमरवरी कड्यांची वक्र पट्टी खाली उतरत जाते, त्यावर अंशांच्या खुणा. सुमारे ४० मीटर त्रिज्येच्या कोनमापकाचा हा खालचा तुकडा. वरचा भाग इमारतीसकट नष्ट झाला. पुढे जागा कुठे होती हेही लोक विसरले, ती सापडली थेट १९०८ साली, व्यात्किन या संशोधकाला. १५व्या शतकात, दुर्बीण नसताना, उलुग बेगने १,०१८ ताऱ्यांची स्थानं नोंदवली. नाक्षत्र वर्षाची लांबी त्यांनी काढली ती आजच्या आकड्यापेक्षा एका मिनिटापेक्षा कमी फरकाची.

आणि हा माणूस राजा होता. तैमूरचा नातू. १४४९ साली स्वतःच्या मुलाच्या हुकमाने त्याला मारलं. गुर-ए-अमीर मकबऱ्यात तो आजोबांच्या पायाशी पुरलेला आहे. १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कबर उघडली तेव्हा शिरच्छेदाच्या खुणा सांगाड्यावर सापडल्या. वेधशाळा, त्याने बांधलेला मदरसा आणि ही कबर, हे तीन बिंदू एका दिवसात जोडून पाहिले की समरकंद एकदम वेगळं दिसतं.

ज्यांना खरोखर कमी वर्दळ हवी त्यांनी नुकूस गाठावं, उझबेकिस्तानच्याच काराकाल्पाकस्तान या स्वायत्त प्रदेशात. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या शहरात इगोर सावित्स्की यांनी १९६६ साली संग्रहालय सुरू केलं. मॉस्कोत ज्या चित्रकारांची चित्रं लावायला बंदी होती, त्यांची चित्रं त्यांनी घराघरांतून, विधवांकडून, माळ्यांवरून गोळा करून इथे आणली. मॉस्कोपासून इतक्या दूर कोणी बघायला येत नव्हतं, म्हणून ती वाचली. त्याच छपराखाली काराकाल्पाक बायकांचे भरतकाम केलेले पोशाख आणि चांदीचे दागिने आहेत. मी दुपारी गेलो आणि बंद व्हायची वेळ झाली म्हणून बाहेर पडलो.

अवघड प्रश्न आता. समरकंद पाहताना मला सतत टोचत राहिलं की यातलं जुनं किती आणि नव्याने बांधलेलं किती? बीबी खानम मशिदीचं प्रवेशद्वार १८९७ च्या भूकंपात कोसळलं होतं. आज जे झळाळतं उभं आहे ते बरंचसं २०व्या शतकातलं. मला वाटतं पडलेलं पडलेलंच ठेवावं. तुम्हा सर्वांना काय वाटतं?

अक्षरवेडी

जुनी वही, हा मुद्दा महत्त्वाचा. पण सरसकट नको. उलुग बेग मदरशाचाच एक मिनार कलला होता, तो १९३२ मध्ये शुखोव या अभियंत्याच्या योजनेनुसार आख्खा सरळ केला. तसं केलं नसतं तर आज तिथे विटांचा ढीग असता. सावरणं वेगळं आणि कल्पनेने नवं रचणं वेगळं.

रानवाट

आर्मेनियातलं गार्नी याबाबत मला आदर्श वाटतं. पहिल्या शतकातलं, ग्रीक-रोमन धाटणीचं, खांबांच्या रांगेचं मंदिर. १६७९ च्या भूकंपात कोसळलं आणि तीनेक शतकं दगड तिथेच पसरलेले राहिले. १९६९ ते १९७५ या काळात त्याच दगडांतून ते पुन्हा उभं केलं. जिथे मूळ दगड सापडला नाही तिथे साधा, नक्षी नसलेला नवा दगड बसवला. त्यामुळे जवळ जाऊन पाहिलं की डोळ्याला लगेच कळतं: ही वेलबुट्टी जुनी, हा कोरा तुकडा आजचा. बोट ठेवून वाचावं तसं वाचता येतं. मला ते फार प्रामाणिक वाटलं.

मुसाफिर७

पुनर्बांधणीवर माझेही दोन शब्द. बोस्नियातल्या मोस्तारचा दगडी पूल १५६६ चा. ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफगोळ्यांनी तो नदीत पाडला. २००४ साली तसाच परत बांधला, जुन्या पद्धतीने घडवलेल्या दगडांत. जुनी वहींच्या हिशेबाने तो 'खोटा' ठरेल. मी त्या पुलावर उभा असताना एक गृहस्थ आपल्या नातवाला कठड्यापाशी घेऊन काहीतरी दाखवत होते. पूल पडला तेव्हा ते त्याच गावात होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांच्या दृष्टीने हाच पूल खरा आहे. गावाला पूल हवा होता, अवशेष नको होता.

जुनी वही

मुसाफिर७, मान्य. पुलाच्या बाबतीत माझं मत मागे घेतो. जिथे लोक राहतात, ये-जा करतात, तिथे अवशेष जपा म्हणणं हा बाहेरच्याचा हट्ट झाला. बीबी खानमबद्दल मात्र मत कायम.

दक्षिणायन

इथिओपियाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी लालीबेलाला गेलो होतो ते गेन्नासाठी, म्हणजे ७ जानेवारीला येणारा त्यांचा नाताळ. तिथे ११ चर्च आहेत आणि सगळी अखंड खडकात वरून खाली कोरलेली, १२व्या-१३व्या शतकांच्या सुमारास. त्यातल्या बेते गियोर्गिस या चर्चच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं की आधी फक्त छप्पर दिसतं, क्रूसाच्या आकाराचं, जमिनीच्या पातळीत. मग नजर खाली उतरते आणि आख्खी इमारत खड्ड्यात उभी आहे हे लक्षात येतं.

गेन्नाच्या आदल्या रात्री मी एका चर्चच्या वरच्या कड्यावर बसलो होतो. खाली, वर, खडकाच्या प्रत्येक पायरीवर पांढऱ्या सुती शाली गुंडाळलेली माणसं. कित्येक जण दिवसेंदिवस चालत आलेले. पुरोहितांच्या हातात लांब काठ्या आणि छोटी खुळखुळणारी वाद्यं, मोठे ढोल, गीझ भाषेतली स्तोत्रं. गीझ आज कोणाची बोलभाषा नाही, पण पूजेत ती जिवंत आहे. पहाटे माझ्या शेजारच्या म्हातारबाबांनी आपल्या शालीची अर्धी बाजू माझ्या खांद्यावर टाकली. न बोलता. थंडी फार होती.

तिथे काळ मोजायची रीतही निराळी, याची तयारी ठेवा. वर्षाला १३ महिने: ३० दिवसांचे १२ आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. सन आपल्या सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे. दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात, म्हणजे सकाळी सात वाजता त्यांचा एक वाजलेला असतो. बसची वेळ विचारताना 'कुठल्या घड्याळाने?' हे विचारायला विसरू नका. मी विसरलो आणि सहा तास स्थानकात बसलो. पण त्या सहा तासांत चहावाल्या मावशींनी मला अम्हारिकमध्ये वीसपर्यंत आकडे शिकवले.

आता गंभीर गोष्ट. २०२० मध्ये उत्तरेत तिग्राय भागात युद्ध पेटलं आणि २०२३ पासून अम्हारा प्रदेशात सशस्त्र संघर्ष आहे. लालीबेला अम्हारातच येतं. माझी फेरी त्या सगळ्याच्या आधीची. आज कोणी विचारलं तर मी 'थांबा' म्हणेन. सुदानचंही तेच. मेरोएचे पिरॅमिड बघायचं माझं स्वप्न होतं. सुदानात इजिप्तपेक्षा जास्त पिरॅमिड आहेत. एप्रिल २०२३ ला तिथे युद्ध सुरू झालं आणि मी बांधलेलं सामान सोडलं. तिथल्या लोकांवर जे ओढवलंय त्यापुढे माझं हुकलेलं प्रवासाचं स्वप्न काहीच नाही.

शांतनिळाई

दक्षिणायन, शालीचा प्रसंग वाचून डोळे भरून आले.

एक व्यावहारिक शंका. मी मांस-मासे खात नाही. अशा देशांत निभाव लागतो का?

दक्षिणायन

इथिओपियात तर उत्तम. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, शिवाय ईस्टरपूर्वीचे ५५ दिवस. त्या काळात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. 'त्सोम' म्हणजे उपवास. हा एक शब्द उच्चारलात की टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या इंजेरा या पोळीवर डाळी, भाज्या आणि शिरो म्हणजे पिठल्यासारखा पदार्थ असं सगळं समोर येतं.

अक्षरवेडी

जॉर्जियातही अडचण नाही. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, अक्रोड वाटून केलेल्या भाज्यांचे फ्खाली, वांग्याचे अक्रोड भरलेले काप. जेवायला बसल्यावर शेजारच्या टेबलावरचे लोक उठून गायला लागले तर हातातला घास खाली ठेवा. तीन स्वतंत्र आवाजांत गायची त्यांची जुनी परंपरा आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर 'चाक्रुलो' हे जॉर्जियन गाणं आहे.

पाणपोई

माझा देश ओमान आणि सूत्र पाणी.

किल्ले, बाजार सगळे दाखवतात. मी फलज बघायला गेले. डोंगराच्या पोटातलं किंवा झऱ्याचं पाणी उताराच्या हिशेबाने कोरलेल्या पाटातून गावापर्यंत आणायचं, पंप नाही, काही नाही. फक्त उतार. २००६ साली युनेस्कोने अशा पाच फलजांना जागतिक वारशात घेतलं, पण असे हजारो आहेत आणि त्यांतले पुष्कळ आजही वाहतात. पाणी गावात शिरतं तिथे पहिला मान पिण्याचा. मग मशीद, मग आंघोळीच्या जागा आणि शेवटी खजुराच्या बागा.

बागांना पाणी वेळेच्या मापाने वाटतात. एका मापाला 'अथर' म्हणतात, साधारण अर्ध्या तासाचं. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ठरावीक तारे उगवण्या-मावळण्यावरून पाळी बदलायची. एका गावात मी ती सावलीची जागा पाहिली. उघड्या मैदानात एक काठी उभी आणि जमिनीवर दगडांनी आखलेल्या रेघा. एक आजोबा तिथे सावलीत, म्हणजे खजुराच्या सावलीत, बसले होते. खिशात मोबाइल होता. तरी उठून काठीची सावली रेघेला टेकलेली पाहिली, पाटाशी गेले, फडक्यात गुंडाळलेला दगड एका तोंडातून काढून दुसऱ्या तोंडात बसवला. पाणी क्षणभर अडखळलं आणि वळलं. मी विचारलं, घड्याळ का नाही वापरत? त्यांचा नातू भाषांतर करत होता. आजोबा म्हणाले, घड्याळ प्रत्येकाचं वेगळं दाखवतं, सावली सगळ्यांना एकच दिसते.

तेवढ्यासाठी मी परत जाईन.

जुनी वही

पाणपोई, 'पाणी क्षणभर अडखळलं आणि वळलं' हे वाक्य वहीत उतरवून घेतलंय. रात्री ताऱ्यांवरून पाणी वाटणारं गाव आणि समरकंदची वेधशाळा, दोन्ही एकाच आकाशाखालची. उलुग बेगला हे आवडलं असतं.

मुसाफिर७

लाओसमधलं भांड्यांचं पठार. फोन्सावान गावाभोवतीच्या टेकड्यांवर दगडात कोरलेली रांजणासारखी भांडी विखुरलेली आहेत, दोन हजारांहून जास्त, काही माणसापेक्षा उंच. लोहयुगातली. आसपास दफनाच्या खुणा सापडल्या आहेत, त्यामुळे अंत्यविधीशी त्यांचा संबंध असावा असं अभ्यासक मानतात. २०१९ ला युनेस्कोच्या यादीत आलं.

पण तिथे चालताना नजर भांड्यांवर नाही, पायाखाली राहते. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातल्या गुच्छबॉम्बांची कोट्यवधी पिल्लं फुटलीच नाहीत, ती अजून मातीत आहेत. पायवाटेच्या कडेला जमिनीत छोट्या विटा बसवल्यात, अर्धी पांढरी, अर्धी लाल. पांढऱ्या बाजूची जमीन साफ केलेली. लाल बाजूला पाऊल टाकायचं नाही. एका ठिकाणी मला चांगला फोटो हवा होता आणि त्यासाठी फक्त दोन पावलं डावीकडे सरकायचं होतं. खाली पाहिलं तर वीट. दोन हजार वर्षांपूर्वीचं भांडं आणि पन्नास वर्षांपूर्वीचा बॉम्ब, मध्ये विटेची रुंदी.

गावात लोकांनी बॉम्बच्या रिकाम्या कवचांचे कुंपणाचे खांब केलेत, त्यात कांद्याची पात लावलीय. फोन्सावानला जाल तर तिथलं न फुटलेल्या बॉम्बविषयीचं माहिती केंद्र आधी पाहा, मग पठारावर जा. उलट क्रमाने केलंत तर अर्धं कळणार नाही.

खडूफळा

सगळं वाचलं. मला एक शंका सतावतेय, राग मानू नका. आपण 'इथे गर्दी नाही, लोक आपुलकीने वागतात' असं लिहितो, ते वाचून आणखी लोक जातात, आणि मग ती जागा तशी राहत नाही. रानवाटताईंनी गेगार्दमध्ये ऐकलेल्या त्या बाई, उद्या शंभर मोबाइल रोखलेले असतील तर गातील का? दक्षिणायन यांनी यात्रेकरूंचे फोटो काढले का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

दक्षिणायन

खडूफळा, प्रश्न रास्त आहे. फोटो काढले, पहिल्या संध्याकाळी. एका आजीने शाल तोंडावर ओढून घेतली, तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकला आणि सकाळपर्यंत काढला नाही. त्या रात्रीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. वर्णन करता आलं ते त्यामुळेच.

रानवाट

खडूफळा, यावर मीही खूप विचार केलाय. लिहायचं नाही असं ठरवलं तर त्या ठिकाणांना कोणीच जात नाही आणि जपणुकीला पैसाही येत नाही. म्हणून लिहावं, पण वाचणाऱ्याला घाई करायला लावेल असं लिहू नये. 'दोन तासांत पाहून होतं' असं वाक्य मी कधीच लिहीत नाही. रात्रीचा मुक्काम त्याच गावात करा, वाटाड्या तिथलाच घ्या, मठात मेणबत्ती घेऊन लावा, पूजा चालू असेल तर भिंतीशी उभे राहा. आणि गाणाऱ्या माणसाचं ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा. मी केलं नाही. कधी कधी वाटतं करायला हवं होतं. पण मग त्या बाईंनी जाताना माझ्याकडे बघून जी मान हलवली ती हलवली असती का, कोण जाणे.

सुरक्षिततेबद्दल दक्षिणायनच्या बोलण्याला जोड: ज्या भागात जाऊ नका असं सरकारी सूचनेत असतं, तिथे बहुतेक वेळा प्रवासविमाही लागू होत नाही. विमा घेताना ते कलम वाचा. व्हिसाचे नियम तर निघायच्या आठवड्यातही बदलतात, तेव्हा कोणाच्या जुन्या अनुभवावर, माझ्याही, विसंबू नका. त्या देशाचं अधिकृत संकेतस्थळ बघा.

खडूफळा

पटलं. 'वाटाड्या तिथलाच घ्या' हे मी विद्यार्थ्यांनाही सांगेन.

अक्षरवेडी

रानवाटताई, माझं ठरलं. तिबिलिसीहून येरेवानला येतेय, पण सुट्टी कमी असल्याने तिथे जेमतेम दीड दिवस मिळणार. मातेनादारान नक्की. बाकी अर्ध्या दिवसात एकच काही बघायचं तर काय? पाच मठ म्हणू नका!

रानवाट

प्रजासत्ताक चौकातलं इतिहास संग्रहालय. त्यातही एकच वस्तू शोधा: जोडा.

आरेनी गावाजवळच्या गुहेत २००८ साली सापडला. साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, गाईच्या कातड्याच्या एका तुकड्याचा, पुढे आणि मागे वादीने शिवलेला. वादी अजून भोकांत ओवलेली आहे. एकाच पायाचा, उजव्या. आत गवत कोंबलेलं होतं, ऊब राहावी म्हणून की आकार टिकावा म्हणून, ते नक्की सांगता येत नाही. माप आजच्या युरोपीय ३७ नंबरच्या जवळपास. काचेपाशी वाका म्हणजे अंगठ्याच्या जागी कातडं किंचित फुगलेलं दिसेल.

जायच्या आधी साप्ताहिक सुट्टीचा वार मात्र पाहून ठेव. आणि दोन्ही ठिकाणी आत शिरताना 'बारेव' म्हण, म्हणजे नमस्कार. दारातल्या आजी लगेच हसतात.